आतड्यात रक्त परततं तेव्हा

अडकलेल्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत एक वेळ अशी येते की सर्जन हात थांबवतो. पोटाच्या भिंतीतल्या फटीत आवळलं गेलेलं आतडं त्याने नुकतंच मोकळं केलेलं असतं. ते जांभळट-काळपट दिसतं, सुजलेलं असतं, त्याची नेहमीची चकाकी गेलेली असते. गरम सलाइनमध्ये भिजवून पिळलेले मॉप त्यावर गुंडाळतात, भूलतज्ज्ञ रुग्णाला शंभर टक्के ऑक्सिजन देतात आणि सगळे वाट पाहतात. काही मिनिटांनी मॉप काढून बघायचं. रंग गुलाबी होतोय का? आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या, म्हणजे मेझेंटरीतल्या, बारीक धमन्या बोटाला उडताना लागतात का? चिमटा हलकेच टेकवला तर आतडं आकसतं का? तिन्ही खुणा दिसल्या तर आतडं परत पोटात जातं. नाही दिसल्या तर तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडावी लागतात.

आतडं गुलाबी झालं की खोलीतला ताण उतरतो. पण नेमक्या त्याच क्षणी, डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळीवर, दुखापतीचा दुसरा अंक सुरू झालेला असतो. रक्त नसल्यामुळे जे नुकसान झालं ते पहिलं. रक्त परत आल्यामुळे जे होतं ते दुसरं, आणि कित्येकदा तेच जास्त असतं. हा दुसरा अंक किती तीव्र होणार हे ठरवण्यात शरीरातल्या संप्रेरकांचा मोठा हात असतो, हे गेल्या काही दशकांच्या संशोधनातून पुढे आलं आहे.

आधी आतड्याच्या रक्ताचा हिशेब पाहू. आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदय जितकं रक्त बाहेर टाकतं, त्याचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पोटातल्या पचनाच्या अवयवांकडे जातो. जेवणानंतर हा वाटा आणखी वाढतो. सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्याचा जवळजवळ सगळा भार एका धमनीवर असतो: सुपीरियर मेझेंटेरिक आर्टरी. ही महाधमनीतून तिरकी खाली निघते, त्यामुळे हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी तिच्यात सहज शिरते. हृदयाचे ठोके अनियमित असले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असलं, की अशा गुठळ्या तयार होण्याची शक्यता वाढते. लहानपणीच्या सांधेतापाने, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हरने, हृदयाची झडप आखडलेले रुग्ण आपल्याकडे आजही आहेत आणि त्यांच्यात हा धोका तरुण वयातही असतो.

आतड्याच्या आतल्या बाजूला जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर उंचीचे असंख्य अंकुर असतात. त्यांना व्हिलाय म्हणतात आणि अन्नरस शोषण्याचं काम तेच करतात. प्रत्येक अंकुराच्या मधोमध एक बारीक धमनी वर चढते आणि शेंड्यापाशी फुटून शिरांच्या जाळ्यातून रक्त खाली उतरतं. चढणारं आणि उतरणारं रक्त इतकं जवळून वाहतं की ऑक्सिजन अर्ध्या वाटेतच धमनीतून शिरेकडे पाझरतो. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला पाऊसपाणी चांगलं असतानाही कमीच पाणी मिळतं, आणि धरणातून विसर्ग घटला की सगळ्यात आधी त्याचंच पीक जळतं. अंकुराच्या शेंड्यावरच्या पेशींची गत तीच आहे. रक्तपुरवठा तुटला की अर्ध्या तासाच्या आत शेंड्यावरचं अस्तर सुटायला लागतं. मॉन्ट्रियलमधले सर्जन सी. जे. चिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 मध्ये या नासाडीची शून्य ते पाच अशी श्रेणी लावून दिली. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये आजही तीच वापरली जाते. अंकुराच्या बुडाशी असलेल्या खळग्यांत मात्र मूलपेशी असतात आणि त्या जास्त काळ तग धरतात. एरवीही त्या दर तीन ते पाच दिवसांनी आतड्याचं सगळं अस्तर नव्याने घडवत असतात. त्या वाचल्या तर आतडं वाचतं. धमनी पूर्ण बंद झाली असेल, तर साधारण सहा तासांत आतड्याची भिंत आरपार मरायला लागते.

आता दुसऱ्या अंकाकडे येऊ. 1969 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड हा तरुण संशोधक आणि त्याचे मार्गदर्शक अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवून दिलं, की गाईच्या रक्तातून वेगळं केलेलं एक प्रथिन सुपरऑक्साइड नावाचा ऑक्सिजनचा आक्रमक अवतार नष्ट करतं. त्याचं नाव सुपरऑक्साइड डिसम्युटेज. शरीराने असं संरक्षण बाळगलं आहे, याचा अर्थ सुपरऑक्साइड शरीरात खरोखरच तयार होत असणार. पण कधी आणि कुठे? याचं एक फार महत्त्वाचं उत्तर आतड्याने दिलं. 1981 मध्ये नील ग्रेंजर, मॅकॉर्ड आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या आतड्याचा रक्तपुरवठा कमी करून पाहिला. हे एन्झाइम आधी दिलेलं असलं, तर केशवाहिन्यांमधून होणारी गळती कमी होत होती. पुढे 1986 मध्ये डेल पार्क्स आणि ग्रेंजर यांनी जो प्रयोग केला, तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत निर्णायक वाटतो. काही मांजरांच्या आतड्याचा रक्तपुरवठा चार तास कमी केला. काहींचा तीन तास कमी करून शेवटचा एक तास पूर्ववत केला. साध्या तर्काने दुसऱ्या गटाची अवस्था बरी असायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांच्या आतड्याचं अस्तर जास्त उद्ध्वस्त झालेलं होतं.

कारण असं. ऑक्सिजन नसताना पेशीतला ऊर्जासाठा, एटीपी, मोडत जातो आणि त्यातून हायपोझँथिन हा पदार्थ साचतो. त्याच वेळी झँथिन डिहायड्रोजनेज हे एन्झाइम रूप पालटून झँथिन ऑक्सिडेज होतं. इंधन साचलेलं, यंत्र तयार. उणीव फक्त ऑक्सिजनची. तो रक्ताबरोबर परतला की सुपरऑक्साइडचा लोट उठतो. युरिक ॲसिड कमी करण्यासाठी अनेक घरांत घेतली जाणारी ॲलोप्युरिनॉल ही गोळी हेच एन्झाइम रोखते, आणि प्राण्यांमध्ये तिने या दुखापतीपासून संरक्षणही दिलं. माणसांच्या उपचारात मात्र तिला या कामासाठी जागा मिळालेली नाही.

सुपरऑक्साइड ही फक्त ठिणगी. पुढचं काम दाह करतो. केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर चिकट रेणू उगवतात, वाहत्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात, भिंत भेदून बाहेर पडतात आणि जंतूंसाठी राखून ठेवलेली रसायनं स्वतःच्याच ऊतींवर ओततात. टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 ही दाहाची निरोप्या प्रथिनं वाढतात. न्यूट्रोफिलना चिकटू दिलं नाही, तर प्रयोगातल्या प्राण्यांमध्ये नुकसान बरंच घटतं. म्हणजे जखम करणारा हात शरीराचाच असतो.

आणि हे आतड्यापुरतं थांबत नाही. आतड्यातला लसीका-रस, म्हणजे लिम्फ, पोटातून छातीत चढतो आणि मानेच्या मुळाशी मोठ्या शिरेत रिकामा होतो. तिथून तो हृदयाच्या उजव्या भागात आणि मग थेट फुप्फुसात जातो. न्यू जर्सीतले सर्जन एडविन डाइच यांच्या गटाने उंदरांमध्ये आतड्यातून निघणारी लसीकावाहिनीच बांधून टाकली, तेव्हा रक्तस्रावाच्या धक्क्यानंतरही फुप्फुसं वाचली. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण 'छातीने' का जातो, याचं एक उत्तर या वाहिनीत आहे.

या सगळ्यात संप्रेरकं दोन दिशांनी उतरतात. रक्तस्राव झाला किंवा रक्तदाब कोसळला, की ॲड्रेनॅलिन, अँजिओटेन्सिन-2 आणि व्हॅसोप्रेसिन मिळून पोटाकडे जाणाऱ्या धमन्या आवळतात. मेंदू आणि हृदय जगावं म्हणून आतड्याचा घास काढून घेतला जातो. काही तासांसाठी हा सौदा जीव वाचवतो. तो लांबला की धमनीत एकही गुठळी नसताना आतडं मरू लागतं. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचं पोट अचानक फुगणं डॉक्टर इतक्या गांभीर्याने का घेतात, ते यावरून कळेल.

दुसरी दिशा लिंगसंप्रेरकांची. डाइच यांच्याच गटाला 2003 च्या सुमारास दिसलं, की सारखाच रक्तस्रावाचा धक्का दिला तरी मादी उंदरांचं आतडं नरांपेक्षा कमी बिघडतं. त्यातही मादीच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात ज्या टप्प्यावर इस्ट्रोजेन सर्वाधिक असतं, त्या टप्प्यावर हे संरक्षण ठळक असतं. अंडाशय काढले की ते जातं. नरांचे वृषण काढून टेस्टोस्टेरॉन घटवलं तर त्यांचंही आतडं जास्त तग धरतं. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या संशोधकांनी थेट आतड्याची धमनी बांधून आणि सोडून प्रयोग केले. तिथेही अंडाशय आणि त्यांच्या संप्रेरकांचा आतड्याच्या आणि फुप्फुसाच्या दाहावर ताबा असल्याचं दिसलं. इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडून जास्त नायट्रिक ऑक्साइड तयार करवून घेतं, त्यामुळे त्या मोकळ्या राहतात. शिवाय न्यूट्रोफिलना धरून ठेवणारे ते चिकट रेणूही कमी उगवतात.

उंदरांवरून माणसाबद्दल बोलावं का? नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या सर्जनांनी याचा एक नेटका मार्ग काढला. स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत लहान आतड्याचा थोडा भाग तसाही काढावा लागतो. रुग्णाच्या संमतीने त्या टाकून द्यायच्या सहाएक सेंटिमीटर तुकड्याचं रक्त त्यांनी पाऊण तास थांबवलं, मग सोडलं आणि ठरावीक वेळाने नमुने घेतले. माणसाचं आतडं खराब पेशी झटपट आतल्या पोकळीत ढकलून अस्तर पुन्हा सांधतं, हे त्यातून दिसलं. आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार स्त्रियांच्या आतड्याला पुरुषांपेक्षा कमी इजा झाली.

इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. या क्षेत्रातले असंख्य प्रयोग केवळ नर उंदरांवर झाले. मादीच्या ऋतुचक्रामुळे आकडे हलतात, म्हणून तिला वगळलं गेलं. जी गोष्ट अडचण समजून बाजूला सारली, तिच्यातच उत्तराचा मोठा भाग होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2016 पासून निधी मागणाऱ्या संशोधकांना नर-मादी दोन्हींचा विचार करायला लावलं. हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. आपल्याकडच्या प्रयोगशाळांनीही ही शिस्त कुणी सांगण्याची वाट न पाहता पाळली पाहिजे.

मात्र याचा अर्थ इस्ट्रोजेनची गोळी घ्यावी असा मुळीच नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्त गोठण्याची शक्यता वाढते, आणि आतड्याच्या शिरेत गुठळी होण्याचं तेही एक माहीत असलेलं कारण आहे. शिवाय प्राण्यांत चाललेलं माणसात चालेलच असं नाही. डोक्याच्या जखमेवर प्रोजेस्टेरॉनने उंदरांमध्ये छान काम केलं होतं. 882 रुग्णांवरच्या अमेरिकन चाचणीचा निकाल 2014 मध्ये आला, तेव्हा त्याचा काहीही फायदा दिसला नाही.

आतडं स्वतःही संप्रेरकं बनवतं. पहिलं संप्रेरक, सिक्रेटिन, लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांना 1902 मध्ये सापडलं ते आतड्याच्या अस्तरातच. त्याच घराण्यातल्या जीएलपी-2 या संप्रेरकाने प्रत्यक्ष रुग्णाच्या खाटेपर्यंत मजल मारली आहे. ते अंकुर वाढवतं, हे टोरांटोच्या डॅनियल ड्रकर यांनी 1996 मध्ये दाखवलं. त्यावर बेतलेलं टेडुग्लुटाइड हे इंजेक्शन अमेरिकेत 2012 मध्ये मंजूर झालं. रक्ताअभावी मेलेलं आतडं कापल्यावर ज्यांचं फार थोडं आतडं शिल्लक राहतं आणि ज्यांना शिरेतून पोषण घेऊन जगावं लागतं, त्यांचं ते सलाइन यामुळे कमी होऊ शकतं. भुकेचं संप्रेरक घ्रेलिनही उंदरांमध्ये आतड्याचा दाह शमवतं, पण व्हेगस ही मज्जातंतूची वाट शाबूत असेल तरच.

रक्त परतल्यावरची ही दुखापत थांबवणारं औषध आज कुठल्याही रुग्णालयाच्या कपाटात नाही. म्हणून सगळा भर वेळेवर आहे. धमनीत अचानक गुठळी अडकलेल्या रुग्णांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त दगावतात आणि त्याचं मोठं कारण उशीर हेच असतं. सुरुवातीला माणूस वेदनेने तळमळतो, पण पोट दाबून पाहिलं तर मऊ लागतं. त्यामुळे घरचे गॅस समजून ओवा-सोडा देतात आणि कधीकधी दवाखान्यातही दुखणं थांबवणारं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं. सुरुवातीचे रक्ताचे रिपोर्ट चांगले आले तरी हा आजार नाही असं म्हणता येत नाही. धमन्यांचा सीटी स्कॅनच निदान करतो. तेव्हा घरात कुणाचे ठोके अनियमित असतील, झडपेचा आजार असेल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मध्येच बंद झाल्या असतील, आणि त्या माणसाचं पोट अचानक असह्य दुखू लागलं, तर रात्र उलटायची वाट पाहू नका. सीटी स्कॅन आणि सर्जन दोन्ही असलेलं रुग्णालय गाठा आणि कॅज्युअल्टीत पोटदुखीच्या आधी हृदयाचा आजार सांगा.