घर एकच, राज्यं तीन!

जिंतूरच्या तुमच्या आजोबांना एकदा विचाराच, जन्म कोणत्या राज्यातला? १९४८ च्या आधीचा असेल तर सांगतील, निजामाच्या! १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, हैदराबाद राज्य मात्र राहिलं. १९५६ ला परभणी जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. घर न बदलता तीन राज्यं, बोला! १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, म्हणून तिकडच्या मावशीच्या जुन्या टीसीवर ‘जि. परभणी’ दिसलं तर गोंधळू नका. पूर्णा नदी तीच, फक्त यलदरीला धरणाने अडवलेली. नेमगिरीची जैन लेणी आणि चारठाण्याची मंदिरं तर निजामाच्याही कितीतरी आधीची. वेरूळचे फोटो स्टेटसला टाकता ना? मग एक रविवार चारठाण्यालाही जाऊन या.