घुमट नंतर, आधी पाट पाहा

दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या पश्चिम दरवाजातून आत शिरलं की सगळ्यांचे मोबाइल घुमटाकडे वळतात. वळोत बापडे. पण ही जागा कळून घ्यायची असेल, तर वाटेच्या मधोमध गेलेल्या अरुंद दगडी पाटाचा माग काढत चालावं. इथली बाग ही इमारतीभोवतीची सजावट नव्हे, इमारतच बागेत बसवलेली आहे.

हुमायून १५५६ साली पुराना किल्ल्यातल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडला आणि त्यातच गेला. त्याची पत्नी बेगा बेगम हिने हा मकबरा उभारला. आखणी मिराक मिर्झा ग्यास या पर्शियन वास्तुकाराची. १५७० च्या सुमारास काम पुरं झालं. निजामुद्दीन औलियांचा दर्गा जवळ, आणि यमुना तेव्हा पूर्वेच्या भिंतीलगत वाहायची. आता ती बरीच दूर सरकली आहे.

बागेची आखणी चारबागेची. काटकोनात छेदणाऱ्या वाटांनी चार मोठे चौक पडतात, प्रत्येकाचे पुन्हा नऊ. या छत्तीस चौरसांपैकी मधले चार मकबऱ्याने घेतलेत. वाटांवरचे पाट इमारतीशी येऊन दिसेनासे होतात आणि पलीकडे त्याच रेषेत पुन्हा सुरू होतात, जणू पाणी कबरीखालून वाहत गेलं. कुराणात स्वर्गातल्या बागांखालून नद्या वाहतात, असं वर्णन आहे. बांधणाऱ्यांनी ते दगडात उतरवलं.

खरी कसोटी मात्र उताराची. पाटांना दर ४० मीटरला जेमतेम १ सेंटीमीटर उतार आहे. एवढ्यावर पाणी ना साचलं पाहिजे ना धावलं पाहिजे. हिंदुस्थानातल्या बागांत वाहतं पाणी नाही, अशी कुरकुर बाबराने आपल्या आठवणींत केली होती. त्याच्या मुलाच्या कबरीभोवती, यमुनाकाठच्या सपाट जमिनीवर, ते पाणी असं मोजूनमापून खेळवावं लागलं.

पुढे मोगलांचे दिवस फिरले तसे बागेचेही फिरले. अठराव्या शतकात इथे लोक वस्तीला आले आणि भाजीपाला पिकवू लागले. १८५७ च्या सप्टेंबरात बहादूरशहा जफर इथेच इंग्रजांच्या हाती लागला. त्यानंतर तीनेक वर्षांत वाटांवरच्या चौकोनी हौदांच्या जागी विलायती धर्तीचे गोल वाफे आले. राज्य घेतलं ते घेतलं, हौदाचा आकारही साहेबाला खुपला! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कर्झनच्या काळात मूळ आखणी बरीचशी परत आणली गेली. १९४७ मध्ये फाळणीच्या निर्वासितांची छावणी इथे पडली आणि काही वर्षं राहिली. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसांपुढे पाटांची काळजी कोण करणार, आणि का करावी?

१९९३ साली मकबरा जागतिक वारसा यादीत गेला. १९९७ ते २००३ या काळात आगाखान ट्रस्टने पुरातत्त्व खात्याबरोबर बागेचं काम हाती घेतलं. पाथरवटांनी छिन्नी-हातोड्याने चिरे घडवले, पाटांचा उतार नव्याने साधला, जुन्या विहिरी उपसल्या, पावसाचं पाणी मुरवायला खड्डे केले. आंबा, लिंबू, कडुनिंब, जास्वंद अशी झाडं लावली. हिरवळ मात्र राहिली. ती मोगली नव्हे, इंग्रजी सवय. फळझाडांची दाटी असती तर बाग अधिक खरी वाटली असती, असं मला वाटतं. अर्थात मग फोटोत घुमट एवढा मोकळा दिसला नसता.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याला सगळे ताजमहालची नक्कल म्हणून मोकळे होतात. इमारतीपुरतं ते ठीक. पण ताज उभा आहे बागेच्या टोकाला, नदीकाठी. बीबीचा मकबरा मात्र चारबागेच्या मधोमध आहे, दिल्लीतल्या या हुमायूनच्या मकबऱ्यासारखा.