वायफाय राउटरचा वेग : खोक्यावरचा आणि खोलीतला (लेखांक ६)

राउटरच्या खोक्यावर ठळक छापलेला 'एसी १२००' हा आकडा कोणत्याही एका मोबाइलला मिळणारा वेग नसतो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ मेगाबिट यांची बेरीज करून, ती शतकापर्यंत वर ढकलून तो तयार होतो. मोबाइल मात्र सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो. शिवाय ८६७ हा रेडिओचा कमाल दर झाला. वायफायमध्ये हवा ही सगळ्यांची सामाईक वाट. एक उपकरण बोलत असताना त्याच चॅनेलवरच्या इतरांना थांबावे लागते आणि माहिती मिळाल्याची पोचही त्याच वाटेने परतते. २००३ सालच्या ८०२.११जी मानकाचे ५४ मेगाबिट प्रत्यक्षात २०-२५च्या आसपासच भरत, ते यामुळेच. स्वस्त राउटरमध्ये आणखी एक गोम असते : वायरलेस भाग वेगवान, पण केबलची पोर्टे १०० मेगाबिटची. मग इंटरनेट १०० मेगाबिटच्या वर जाणार कुठून?

वेग तपासायला बहुतेक जण स्पीडटेस्टचे संकेतस्थळ उघडतात. तिथे इंटरनेटची लाइन आणि वायफाय दोन्ही एकत्र मोजले जातात, आणि दोष कुणाचा ते कळत नाही. वायफाय वेगळे मोजायचे तर एक संगणक केबलने राउटरला जोडावा, दुसरा वायफायवर ठेवावा आणि दोघांमध्ये 'आयपर्फ' हा मोफत प्रोग्रॅम चालवावा. पोर्ट १०० मेगाबिटचे असेल तर ही मोजणीही तिथेच अडते, हे ध्यानात ठेवावे. राउटरच्याच खोलीत, एका भिंतीपलीकडे आणि घराच्या शेवटच्या कोपऱ्यात, अशा तीन जागी, दोन्ही दिशांनी, निदान पाच-पाच वेळा मोजावे. सरासरीइतकाच नीचांकही टिपावा, कारण राउटरची खरी परीक्षा कोपऱ्यात होते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत जास्त क्षीण होतात. २.४च्या लांब पोचतात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले तीनच, १, ६ आणि ११. त्यात शेजाऱ्यांचे राउटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचा गोंगाट. म्हणून मोजणी दुपारी एकदा आणि रात्री गर्दीच्या वेळी एकदा करावी.

निव्वळ वेगाइतकाच प्रतिसादाचा विलंबही (पिंग) महत्त्वाचा. मोठी फाइल उतरत असताना पिंग २० मिलिसेकंदांवरून ३००वर गेला, तर स्पीडटेस्ट कितीही छान दिसो, व्हिडिओ कॉल अडखळणारच.

वापरसुलभतेची तपासणी मात्र यंत्राने होत नाही. मांडणी सुरू करताना राउटर पासवर्ड बदलायला लावतो का, डब्ल्यूपीए३ सुरक्षा आहे का, फर्मवेअर आपोआप अद्ययावत होते का, पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क दोन-चार टिचक्यांत उघडता येते का, हे पाहावे. आपल्याकडे आणखी एक कसोटी घ्यावीच, जी परीक्षणांमध्ये क्वचितच दिसते : वीज जाऊन आल्यावर राउटर, कुणी हात न लावता, किती वेळात पुन्हा जोडला जातो.