केबल लागली, हे बोर्डाला कसं कळतं?

बेलपाड्यासारख्या खाडीजवळच्या वस्तीत पावसाळी दमट हवेने जॅकच्या पिना गंजतात आणि गेटवरचा कॅमेरा मधूनच गायब होतो. अशा वेळी बोर्डावरच्या लिनक्स कर्नलला लिंक तुटल्याचं लगेच कळलं पाहिजे.

ही खबर देते फाय, म्हणजे केबलवरचे सिग्नल हाताळणारी चिप. तिच्या रजिस्टर 1 मधला बिट 2 म्हणजे लिंक. गंमत अशी की लिंक क्षणभर जरी तुटली तरी हा बिट वाचला जाईपर्यंत शून्यावरच अडकून राहतो. म्हणून आत्ताची स्थिती हवी असेल तर तो दोनदा वाचावा.

डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनात, फायच्या नोडला इंटरप्टची लाइन दिली की बदल झाल्याक्षणी कर्नलला कळतं. नाही दिली, तर कर्नल साधारण दर सेकंदाला चिपला विचारत बसतो. घरगुती कामाला तेवढं चालतं, पण पर्यायी मार्गावर झटपट जायचं असेल तर इंटरप्टच हवा. फाय नसून थेट स्विच चिपच जोडली असेल, तर 'फिक्स्ड-लिंक' लिहून वेग ठरवून द्यावा लागतो.

फायचा पत्ताही तपासा. बीगलबोन ब्लॅकवरची फाय बोर्ड सुरू होताना कधीकधी 0 ऐवजी भलत्याच पत्त्यावर जागी होते. मग केबल धडधाकट असूनही लिंक सापडत नाही.

शेवटी खात्रीसाठी इंटरफेस 'अप' करून '/सिस/क्लास/नेट/ईटीएच0/कॅरियर' ही फाइल वाचा. 1 आला, तर लिंक आहे.