सागरकड्यांची कालगणना

समुद्रकाठचा कडा किती झिजला, हे जुन्या नकाशांवरून काढता येते. परंतु असे नकाशे फार तर शे-दोनशे वर्षांचे. पुढे पाणी वेगाने चढू लागल्यावर काय होईल, हे ते कसे सांगणार? म्हणून इंग्लंडमधील यॉर्कशायर व डेव्हन येथील कड्यांचा पूर्वेतिहास संशोधकांनी खडकालाच विचारला. कडा मागे हटला की पायथ्याशी उघड्या पडलेल्या खडकात विश्वकिरणांमुळे बेरिलियम-१० साठू लागते. त्याच्या प्रमाणावरून हजारो वर्षांची माघार मोजता येते. तिची समुद्रपातळीशी सांगड घालणारे गणित २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार २१०० पर्यंत झिजेचा वेग दहापटीपर्यंत वाढू शकेल. तेव्हा कड्यावर घर बांधणाऱ्याने केवळ वाडवडिलांच्या अनुभवावर विसंबणे धोक्याचे आहे.