पेटी स्वस्त, खेळ महाग

दसऱ्याच्या तोंडावर स्टील प्लांटचा बोनस खात्यात पडला, की भिलाईच्या टाउनशिपमध्ये घरोघरी खर्चाच्या याद्या निघतात. फ्रीज, कूलर, फटफटी ही जुनी मंडळी त्यात असतातच. अलीकडे दहावी-बारावीतलं पोर मध्येच आपली मागणी सरकवतं : गेमिंग कन्सोल. वडील सिव्हिक सेंटरला नाहीतर सुपेल्याच्या आकाशगंगा मार्केटला चौकशी करून येतात, आकडा ऐकून गप्प होतात आणि ओळखीतल्या एखाद्या जाणत्याला फोन लावतात : "भाऊ, यातलं स्वस्तातलं कोणतं?"

या प्रश्नाचं उत्तर पेटीवरच्या किमतीत सापडत नाही, कारण या धंद्यात पेटीवर कमाई जवळजवळ नसतेच. २०२१ साली अमेरिकेत एपिक आणि ॲपल यांचा खटला चालू होता. त्यात मायक्रोसॉफ्टच्या एका बड्या अधिकाऱ्याने साक्ष देताना सांगितलं, की एक्सबॉक्सची पेटी विकून कंपनीने कधीही नफा कमावलेला नाही. नफा येतो पुढच्या खेळांतून : कंपनीच्या दुकानातून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे साधारण ३० टक्के तिच्या खिशात जातात, वर मासिक वर्गणी. घरचा इंकजेट प्रिंटर ज्यांनी शाईच्या डब्यांवर पोसला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तेव्हा हिशेब तीन वर्षांचा करावा. कागद-पेन्सिल घेऊन मी तो केला, आणि दुकानातल्या पाट्यांवरचा क्रम बदलला.

सोनीच्या प्लेस्टेशन ५ चं स्लिम मॉडेल एप्रिल २०२४ मध्ये भारतात आलं. डिस्कवालं ५४,९९० रुपयांना, बिनडिस्कचं 'डिजिटल' ४४,९९० ला. त्या किमतींत दहा हजार वाचतात म्हणून अनेक जण डिजिटलवर बोट ठेवतात. पण सोनीच्या नव्या मोठ्या खेळाची किंमत ४,९९९ रुपये. वर्षाला चार खेळ धरा, तीन वर्षांत बारा. डिजिटलवाल्याचे खेळांवर साठ हजार जातात आणि एकूण खर्च लाखाच्या वर. डिस्कवाला तोच खेळ संपवून, समजा, तीन हजारांना विकतो. त्याला एक खेळ दोन हजारांत पडतो, बारा खेळ चोवीस हजारांत. एकूण ७९ हजार. महागडी पेटी पंचवीस-सव्वीस हजारांनी स्वस्त पडली.

दुसऱ्या बाजूला एक्सबॉक्स सिरीज एस. नोव्हेंबर २०२० मध्ये ती ३४,९९० रुपयांत आली, आणि काही वर्षं मीही तिचीच शिफारस करत होतो. तिलाही डिस्कची फट नाही, पण 'गेम पास' नावाची वर्गणी भरली की शेकडो खेळ उघडे. त्या वेळी हा सौदा खरोखर बिनतोड होता. मग वर्गणी चढत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा वरचा प्रकार महिना ८२९ वरून थेट १,३८९ रुपयांवर गेला. छत्तीस महिन्यांचे पन्नास हजार झाले; सुरुवातीच्या किमतीची पेटी धरून पंचाऐंशी. आणि वर्गणी थांबली की कपाट रिकामं. खालचा, महिना ४९९ चा प्रकार घेतला तर तीन वर्षांचं सगळं मिळून त्रेपन्न हजारांत भागतं, फक्त खेळ मोजके मिळतात. घरातलं मूल एकच फुटबॉलचा खेळ वर्षभर खेळणारं असेल, तर हाच पर्याय सगळ्यात स्वस्त. फोर्टनाइटसारखे फुकटचे खेळ ऑनलाइन खेळायला तर दोन्हीकडे वर्गणीच लागत नाही. विकत घेतलेला खेळ मित्रांशी ऑनलाइन खेळायचा असेल, तर दोन्हीकडे लागते.

डिस्कच्या बाजूने भिलाईत आणखी एक मुद्दा आहे : इथे माणसं एकमेकांच्या जवळ राहतात. सेक्टर, क्वार्टर, कोचिंग, गणपतीचा मांडव. एक डिस्क पाच घरं फिरून येते. डाउनलोड केलेला खेळ असा फिरत नाही. शिवाय हल्लीचे मोठे खेळ शंभर जीबीच्या पुढे जातात. ५० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन घरात असेल, तर शंभर जीबी उतरायला साडेचार तास. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर भिस्त असेल, तर पन्नास दिवस! डिस्क घातली तरी मागून अपडेट उतरवावे लागतात, पण निदान सुरुवात तरी होते.

निन्टेंडो स्विचचा मोह धाकट्या मुलांच्या आयांना जास्त पडतो, आणि तो रास्तही आहे. लहान मुलांसाठी इतके चांगले खेळ दुसरीकडे नाहीत. पण ही कंपनी भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. जे मिळतं ते बाहेरून आणलेलं. वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर आणि किंमत त्याच्या मर्जीवर. परदेशातली आत्या-मावशी येणार असेल तर तिच्या बॅगेतून आणवा, एरवी जपून.

"थांबू या, उतरेल किंमत" हा सल्लाही आता जुना झाला. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आलं आणि २००९ मध्ये ९९ ला मिळू लागलं, कारण चिप दरवर्षी लहान आणि स्वस्त होत गेल्या. आता चिप लहान होते, पण स्वस्त होत नाही, आणि आपल्याकडे घसरत्या रुपयाची भर. फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आलेलं डिस्कवालं प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२२ मध्ये पाच हजारांनी वाढलं. सूट मात्र येते. जुलै २०२३ मध्ये जुन्या जाड मॉडेलवर साडेसात हजार कमी झाले होते. थांबायचं तर अशा सवलतीसाठी थांबावं.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. प्लेस्टेशन ५ च्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं आहे. भिलाईच्या मे महिन्यात बाहेर ४४ असताना दुपारी क्वार्टरच्या हॉलमध्ये ३५ च्या आत काय असतं, सांगा! त्यात आपली ती काळपट-तांबूस धूळ, जी सकाळी पुसली तरी संध्याकाळी टीव्हीवर बोट उमटवते. म्हणून पेटी शोकेसच्या काचेआड ठेवू नये आणि कूलरच्या ओल्या झोतासमोरही नको. तिची बाजूची पांढरी पाटी स्क्रूड्रायव्हरशिवाय, हाताने सरकवून निघते. आत मोठा पंखा दिसतो आणि धूळ अडवण्यासाठी मुद्दाम ठेवलेली दोन भोकं. बंद करून, वायर काढून, तिथे व्हॅक्यूम क्लिनर लावला की पाच मिनिटांचं काम. उन्हाळ्यात ते दर महिन्याला करावं. विजेचं फार मनावर घेऊ नका : २०० वॅटने रोज दोन तास धरले, तरी महिन्याला १२ युनिट.

जुनी पेटी घेणार असाल, तर हीच पाटी विकणाऱ्यासमोर उघडायला लावा. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर असेल, तर ती कशी वापरली गेली ते लगेच कळतं. मग अर्धा तास जड खेळ चालवून पंख्याचा आवाज ऐका, डिस्क दोनदा घालून काढा आणि कंट्रोलरची काडी सोडून बघा. हात न लावता खेळातला माणूस चालू लागला, तर नव्या कंट्रोलरचे पैसे किमतीतून वजा करा. जुनं खातं पेटीवरून काढून घ्या. बिल मागा, वॉरंटी किती उरली ते त्यावरच्या तारखेवरून कळतं. नवी घेतानाही दुकानदाराला आधीच विचारा, की बिघडली तर दुरुस्तीला तो स्वतः पाठवणार, की तुम्हाला रायपूरची वारी करावी लागणार.