साहाय्यक पंख्याची चाचणी

उपाय केला आणि व्याधी हटली, एवढ्यावरून त्या उपायानेच ती हटली असे म्हणता येत नाही. हा नियम आपणां सर्वांस ठाऊक असतो. परंतु त्याचे पालन करावयाचे म्हणजे काय, हे एखाद्या साध्या यांत्रिक उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. जुन्या मोटारीस मागाहून बसविलेला विजेचा साहाय्यक पंखा हे असे एक उदाहरण होय.

इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ‘एम. जी. बी.’ ही मोटार घेऊ. तिच्या आरंभीच्या नमुन्यांत रेडिएटरमागील पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. म्हणून इंजिन मंद झाले की पंखाही मंदावतो. गाडी धावत असता समोरचा वारा ही उणीव भरून काढतो. रहदारीत गाडी थांबली म्हणजे मात्र वाराही नाही आणि पंखाही अपुरा, अशी दुहेरी अडचण होऊन पाणी तापू लागते. यावर तोडगा म्हणून पुष्कळ मालक रेडिएटरच्या पुढे विजेचा पंखा बसवितात. इंजिनाच्या गतीवर त्याची गती अवलंबून नसते.

कळ दाबताच पंखा फिरला, म्हणजे चाचणी झाली, असा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. १९६७ पर्यंतच्या एम. जी. बी. मध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेले असे. नंतरच्या गाड्यांत ऋण टोक जोडले जाऊ लागले. स्थिर चुंबकाच्या मोटरच्या तारांची अदलाबदल झाली, तर पंखा उलट दिशेने फिरतो. त्याचा आवाज तोच राहतो, परंतु रेडिएटरकडे वारा लोटण्याऐवजी तो पुढे फेकतो आणि इंजिनाच्या पंख्याशीच झगडतो. म्हणून प्रथम कागदाचा एक कपटा पुढे धरून वाऱ्याची दिशा पाहावी.

यानंतरची पायरी तुलनेची. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस लघुतम युग्माची कल्पना परिचित आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ हे ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, या दोहोंत केवळ आरंभीच्या व्यंजनाच्या उच्चाराचा भेद आहे. बाकी सर्व समान असल्यामुळेच अर्थभेदाचे कारण त्या उच्चारभेदाकडे निःशंकपणे नेता येते. पंख्याची चाचणीही याच धर्तीवर रचावी. इंजिन पूर्ण तापल्यावर गाडी सावलीत उभी करून, पंखा बंद ठेवून, वीस मिनिटे मंद गतीने चालू द्यावी व दर मिनिटास पाण्याचे आणि भोवतालच्या हवेचे तापमान नोंदवावे. मग आरंभीची स्थिती पुन्हा आणून पंखा चालू ठेवावा आणि तशाच नोंदी घ्याव्यात. शेवटी पंखा बंद करून तिसरी फेरी करावी. दरम्यान हवाच थंड झाली असल्यास ही तिसरी फेरी ते उघड करते.

येथे थर्मोस्टॅटचा विचार अवश्य करावा लागतो. सामान्यतः ८२ अंश सेल्सिअसच्या सुमारास तो उघडू लागतो आणि पाण्याचा प्रवाह कमीअधिक करून तापमान राखतो. थंड दिवशी तो अर्धवटच उघडा राहिल्यास दोन्ही फेऱ्यांचे आकडे सारखे येतील व पंखा निरुपयोगी असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघेल. यास्तव चाचणी उन्हाळ्यातच घ्यावी.

लाभाबरोबर किंमतही मोजली पाहिजे. जुन्या डायनामोची निर्मिती मंद गतीस जवळजवळ शून्यावर येते. म्हणजे पंख्याची गरज सर्वांत अधिक असते तेव्हाच वीज सर्वांत कमी मिळते. पंखा ८ अँपिअर प्रवाह घेतो असे धरल्यास वीस मिनिटांत सुमारे २.७ अँपिअर-तास बॅटरीतून जातात. रात्री दिव्यांची त्यात भर पडते. म्हणून तापमानाबरोबर बॅटरीचा दाबही त्याच फेरीत नोंदवावा. अन्यथा इंजिन वाचले आणि गाडी मात्र पुन्हा सुरू होईना, असा प्रसंग यावयाचा.

सर्वांत मोठा धोका यशस्वी चाचणीतच दडलेला असतो. रेडिएटर गाळाने तुंबला असेल, तरीही पंख्याने तापमान काही अंशी उतरेल. मालक निर्धास्त होईल, आणि पुढे चढणीवर पाणी उकळून इंजिनाच्या माथ्याचे गॅस्केट जळेल. म्हणून रेडिएटर, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप आणि ठिणगीची वेळ ही निर्दोष असल्याची खात्री करून घेतल्यावरच पंख्याची परीक्षा करावी.

एवढे सर्व केल्यानंतर जे विधान हाती येते ते मर्यादित असते : या गाडीत, एवढ्या उष्णतेत, उभ्या स्थितीत, या पंख्याने तापमान इतके अंश उतरले आणि त्यासाठी बॅटरीतून इतकी वीज खर्च झाली. गाडीच्या मालकास रहदारीत विसंबावयाचे असते ते अशाच विधानावर. ‘पंखा चांगला आहे’ हे विधान याहून भारदस्त वाटेल. परंतु तो कोठे आणि किती वेळ चालवावा, हे त्यावरून कळत नाही.